सोलापुरात दोन दिवस: भुईकोट, कुडल, नळदुर्ग, पंढरपूर... काय गाठावं, काय सोडावं?

उत्तरकसबा
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार धरून दोन दिवस हाताशी आहेत. पुण्याहून चौघे येणार, त्यातले दोघे साठीपुढचे. गाडी स्वतःची, मुक्काम सोलापुरात. यादी अशी झालीये: भुईकोट, सिद्धेश्वर, हत्तरसंग कुडल, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर, वेळापूर, नळदुर्ग, परंडा, करमाळा. देवदर्शनापेक्षा जुनं बांधकाम, मूर्ती, शिलालेख यात रस आहे. कुठलं ठेवावं, कुठलं गाळावं, आणि तिथे उभं राहून नेमकं काय बघावं?

कडकभाकरी
दहा ठिकाणं, दोन दिवस. ओ मालक, गाडीचे टायरच तेवढे सगळं बघतील. परंडा नि करमाळा आत्ताच काढा. परंडा बार्शीच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात. करमाळा सोलापूर जिल्ह्यात असलं तरी पार वायव्य टोकाला. दोन्हींना वेगळी खेप लागते.

पडकोट
यादी करायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: ऊन आणि पाणी. आपल्याकडे डोंगरी किल्ले नाहीत, चढाईचा प्रश्न नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तटाच्या दगडाला हात लावता येत नाही, ती अडचण डिसेंबरात नाही. त्या आठवड्यात सूर्य साधारण ६:५० ला उगवतो आणि सहाच्या जरा आधी मावळतो. म्हणजे अकरा तासांचा उजेड. रस्त्याचे तास वजा केले की दिवसाला दोन ठिकाणं नीट होतात, तिसरं ओझरतं.

माझ्या मते पहिल्या दिवशी सकाळी भुईकोट, दुपारनंतर कुडल. दुसरा दिवस नळदुर्गाला.

शहरातल्या भुईकोटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक तिथे अर्धा तास बागेत फिरतात नि परत जातात. किल्ला बहमनी काळातला. तीन बाजूंना खंदक, चौथ्या म्हणजे पूर्वेच्या अंगाला सिद्धेश्वर तलाव. तटाच्या दोन रांगा आहेत. बाहेरचा तट बुटका, आतला त्याच्यापेक्षा उंच. दोन्ही एका उंचीचे असते तर आतल्या तटावरच्या तोफा-बंदुकांना समोर बाहेरचाच तट आडवा आला असता. उंच ठेवल्याने पुढच्या रांगेच्या डोक्यावरून मारा करता येतो आणि बाहेरचा तट शत्रूच्या हाती गेला तरी तो वरून मार खात राहतो. दोन तटांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभं राहून वर बघितलं की हे लगेच कळतं.

जंग्यांमधून वाकून बघा. काही भोकं सरळ समोर रोखलेली असतात, काही खाली उतरती. उतरत्या जंग्या तटाच्या पायथ्याशी आलेल्या माणसासाठी. दरवाजात शिरताना वाट सरळ आत जात नाही, वळण घेते, म्हणजे हत्ती किंवा ओंडका घेऊन धावत धडक मारता येत नाही. कमानीच्या आत दोन्ही बाजूंना अडसराची चौकोनी भोकं असतात. एक भोक खोल, समोरचं उथळ. अडसर एरवी खोल भोकात पूर्ण सरकवून ठेवायचा, दार लावलं की ओढून समोरच्या खोबणीत टेकवायचा.

इतिहासात दोन टप्पे लक्षात ठेवले तरी पुरे. चांदबिबीचं अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा निजामशाहीने हा किल्ला आंदण दिला, आणि पुढे त्यावरून दोन्ही शाह्यांची भांडणं चालूच राहिली. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला.

गजथर
भुईकोटात तटाच्या आतल्या अंगाला डोळे जमिनीपासून चार-पाच हात उंचीवर ठेवून चाला. मध्येच नक्षीची पट्टी आडवी नाही तर उलटी बसवलेली दिसेल, खांबाचा तुकडा दिसेल, मूर्तीचा भाग दिसेल. जुन्या देवळांचे घडीव दगड तटात वापरलेत, काहींवर कन्नड लेखही आहेत. आत उत्खननात उघड्या पडलेल्या मंदिराचे अवशेष आहेत. ते आधी बघा, मग तटाकडे या. देवळाच्या कोणत्या थराचा दगड तटात कुठे गेलाय, हे ओळखायला त्याने सोपं जातं.

कसं ओळखायचं तेही सांगतो. देवळाचं जोतं म्हणजे अधिष्ठान. त्यात खालून वर आडवे थर येतात: खुर, कुंभ, कलश, कपोत. सगळीकडे सगळे असतीलच असं नाही. श्रीमंत देवळात त्याच्या खाली गजथर, नरथर, म्हणजे हत्तींची आणि माणसांची रांग. वर जंघा, म्हणजे भिंतीचा मूर्ती असलेला भाग. कुंभाचा दगड फुगीर गोलाईचा, कपोताचा छज्जासारखा पुढे झुकलेला. तटात असा झुकलेला दगड आडवा दिसला की तो कपोत. दारांच्या चौकटीचे तुकडे तर लांबूनच कळतात, कारण त्यावर उभ्या पट्ट्या म्हणजे शाखा असतात: पानवेलीची, मणी-मोत्यांची, मानवी आकृतींची.

रानवारा
तिकीट आहे, केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं स्मारक आहे. ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. डिसेंबरच्या शेवटी शेवटी शेजारच्या होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची तयारी दिसायला लागते आणि जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात त्या भागात गाडी नेण्यात अर्थ नसतो. यात्रेतले नंदीध्वज बघायचे असतील तरच संक्रांतीला या, वास्तू बघायच्या असतील तर तो आठवडा टाळा.

भीमाकाठ
सिद्धेश्वर मंदिर तलावात आहे, भुईकोटाला लागूनच. पहिल्या सकाळीच जोडून घ्या. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. शहराभोवती त्यांनी स्थापलेली ६८ लिंगं मानतात. आजचं बांधकाम मात्र फार पुढचं, त्यामुळे हेमाडपंती शोधायला तिथे जाऊ नका. तलाव, घाट आणि पाण्यातून दिसणारा तट एवढ्यासाठी तासभर पुरतो.

खरा ऐवज कुडलला. भीमा आणि सीना यांचा संगम, दक्षिण सोलापूर तालुका, शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. विजापूर रस्त्याने जायचं, मग आत वळायचं. शेवटचा टप्पा काळ्या रानातून. पाऊस झाला असेल तर त्या मातीत चाक रुततं, डिसेंबरात प्रश्न नाही. पेट्रोल, पाणी, खाणं शहरातूनच घेऊन निघा. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही घेतलं की भागलं.

तिथे दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वर कित्येक शतकं मातीखाली होतं, १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोकळं झालं. त्यातलं बहुमुखी शिवलिंग म्हणजे कुडलला जायचं मुख्य कारण. एकाच दगडात ३५९ मुखं, ओळीवर ओळी. लोक समोरून बॅटरी मारतात आणि काळा गोळा बघून बाहेर येतात. बॅटरी लिंगाच्या बाजूला, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा आणि सावकाश फिरवा. मग नाक, ओठ, मिटलेले डोळे एकेक करून वर येतात. सगळ्यात खालच्या ओळीकडे बसून बघा, उभ्याने ती नीट दिसत नाही.

उत्तरकसबा
मराठीतला पहिला शिलालेख कुडलचाच ना? की अक्षीचा?

शके९४०
वाद जुनाच आहे. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या लेखात शके ९३४ वाचलं जातं, म्हणजे इ.स. १०१२. कुडलचा शके ९४०, म्हणजे १०१८. आकडे धरले तर अक्षी आधी. कुडलचा पक्ष घेणारे अक्षीच्या शकाच्या वाचनावर शंका घेतात. श्रवणबेळगोळचं नावही लोक मध्ये आणतात, पण तिथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या ओळींत शक नाही, त्यामुळे काळ मूर्तीवरून आणि अक्षरवळणावरून ठरवावा लागतो. मला स्वतःला पहिला नंबर कुणाचा यापेक्षा कुडलची शेवटची ओळ मोलाची वाटते. वाचणारा विजयी होईल, असा आशीर्वाद तिथे कोरलाय. मान्यता फक्त वाचणाऱ्याला, हे बरं.

लेख संगमेश्वराच्या मंडपात वर तुळईवर आहे, मान वर करून बघावा लागतो. त्यामुळे फोटो घेताना तीन चुका हमखास होतात. एक, खालून तिरका फोटो काढला की वरची अक्षरं लहान, खालची मोठी येतात. कॅमेरा दगडाच्या समांतर हवा. उंची नसेल तर जरा मागे सरकून झूम करा, जवळ जाऊन तिरकं काढू नका. दोन, फ्लॅश. समोरच्या उजेडात कोरलेल्या खाचेत सावलीच पडत नाही आणि अक्षर सपाट होऊन जातं. फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्याच्या हातात बॅटरी द्या, दगडाशी दहा-पंधरा अंशांचा कोन. तीन, एकाच बाजूने उजेड. डावीकडून मारलेल्या उजेडात आडव्या रेघा दिसत नाहीत, कारण त्या उजेडाच्याच दिशेने धावतात. म्हणून चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या, कॅमेरा न हलवता. शिरोरेघ, मात्रा आणि वेलांट्या अशा वेगवेगळ्या फोटोंतून गोळा कराव्या लागतात.

अक्षरांत पीठ, खडू, रांगोळी भरायची नाही. पाणीही मारायचं नाही. दिसतं छान, पण पीठ ओलं झालं की खाचेत बुरशी धरते आणि खरवडताना दगडाचा पापुद्रा निघतो. संरक्षित स्मारकात हा गुन्हाही आहे. केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कडकभाकरी
आणि शकाचा हिशोबही सांगून टाका. दर वेळी हाच प्रश्न येतो.

शके९४०
शकात ७८ मिळवा. पौष, माघ, फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. हिजरीत मात्र ६२२ मिळवून भागत नाही. ते चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणून हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि मग ६२२ मिळवा. नळदुर्गचा पाणीमहाल १०२२ हिजरीचा. नुसते ६२२ मिळवले तर १६४४ येतं, म्हणजे तो बांधवणारा इब्राहिम आदिलशहा दुसरा मेल्यावर सतरा वर्षांनी. गुणून बघा, १६१३ येतं, आणि तेच बरोबर. आदिलशाही काळातल्या मराठी कागदांत शुहूर सन येतो, तो सौर असल्याने ५९९ किंवा ६०० मिळवले की झालं. मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

पडकोट
आता नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने ४५-५० किलोमीटर, जिल्हा धाराशिव पण जायला सोलापूरच जवळ. राज्य संरक्षित स्मारक आहे, देखभाल २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे दिली होती, प्रवेश शुल्क आहे. साठीपुढच्या मंडळींना अडचण फारशी नाही, मात्र आवार मोठं आहे. चालणं बरंच होतं. टोपी, पाणी, जाड तळव्याचे बूट.

बोरी नदीचं पाणी अडवणारा बंधारा हाच किल्ल्याच्या संरक्षणाचा भाग आहे. पलीकडचा रणमंडळ नावाचा भाग बंधाऱ्याने मूळ किल्ल्याला जोडलाय. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. भिंतीच्या आत पायऱ्या उतरून सज्जात जायचं. पावसाळ्यात वरून पाणी ओसंडलं की ते सज्जाच्या पुढून पडतं आणि आत कोरडं राहतं. ते पाणी दोन ठिकाणी पडतं, तेच नर आणि मादी. वरच्या अंगाचं बोरी धरण भरलं तरच हा देखावा होतो. तुम्हाला डिसेंबरात तो मिळणार नाही. पाणी नसताना एक फायदा मात्र होतो, खालच्या अंगाला जाऊन भिंत पायापासून बघता येते: दगडांचे थर, चुना, सज्जाच्या खिडक्या भिंतीत नेमक्या कुठे उघडतात. पाणी चालू असताना तिथे नुसता फेस.

मग उपळी बुरूज. किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा, वर दोन लांब तोफा, हत्ती तोफ आणि मगर तोफ. पायऱ्या उंच आहेत, वर कठड्याची खात्री धरू नका, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली थांबावं. नवबुरूज चुकवू नका. नऊ पाकळ्यांचा घाट आहे. साध्या गोल बुरुजाला तोफगोळा कुठूनही बसला तरी मार सारखाच, इथे पाकळ्यांमुळे बराचसा पृष्ठभाग तिरका मिळतो आणि गोळा निसटायची शक्यता वाढते. फिलिप मेडोज टेलर १८५० च्या दशकात इथे अधिकारी म्हणून राहत होता, त्याच्या लिखाणामुळे बऱ्याच जणांना नळदुर्ग माहीत झाला.

रानवारा
दोन धोके. आग्यामोहोळ उंच कमानींना आणि बुरुजांच्या बाहेरच्या अंगाला लागतं. अत्तर, स्प्रे, धूर, मोठा आवाज, ड्रोनची घरघर याने ते उठतं. उठलंच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-मान ओढणीने किंवा उपरण्याने झाकून शक्य तितक्या लांब पळायचं. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोंघावत थांबतात. दुसरा, वेड्या बाभळीचे काटे. पायवाट सोडून तटाला भिडलात की चपलेतून आरपार. गाडीही झुडपात लावू नका, संध्याकाळी पंक्चर काढत बसाल. अंधाऱ्या देवडीत शिरण्याआधी बॅटरी जमिनीवर मारा, भिंतीवर नंतर.

उत्तरकसबा
म्हणजे पंढरपूर-मंगळवेढा राहिलंच? आईबाबांना पंढरपूर हवंच आहे.

भीमाकाठ
मग परतीचा रस्ता तोच धरा. रविवारी नळदुर्ग न करता सोलापूर–माचणूर–मंगळवेढा–पंढरपूर–वेळापूर–अकलूज–टेंभुर्णी आणि तिथून पुणे महामार्ग. नळदुर्ग पुढच्या पावसाळ्यावर टाका, तेव्हा धबधबाही मिळेल. एका दगडात दोन पक्षी.

माचणूरला भीमेचा घाट, सिद्धेश्वराचं मंदिर आणि नदीच्या पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ. उजनीतून पाणी सोडलं की ते देऊळ पाण्याने वेढलं जातं. म्हणून निघण्याआधी सोडलेल्या पाण्याची बातमी बघा, हिवाळी आवर्तनातही कधी पाणी येतं. शेजारी किल्ल्याचे अवशेष. औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ इथेच ब्रह्मपुरीला होता. घाटावर उभं राहून समोरचं सपाट रान बघा. एवढी मोठी छावणी बसवायला नदीचं पाणी आणि मोकळं मैदान दोन्ही लागतं, ते इथे आहे. माचणूरला तासभर.

मंगळवेढा हे दामाजीपंत आणि चोखोबांचं गाव. कलचुरींच्या काळात हे राजधानीचं गाव, बसवेश्वरही इथे राहिले. गावात फिरताना देवळांबाहेर, पारावर, भिंतीला टेकवलेल्या शिळा बघत चला.

गजथर
त्या शिळांबद्दल: वीरगळ खालून वर वाचायची. सगळ्यात खाली लढाई किंवा गुरं, शेजारी आडवा पडलेला वीर. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या पट्टीत गाय-बैल असतील तर गोधनाच्या रक्षणात मेलेला, होडी असेल तर पाण्यावरच्या लढाईत. सतीशिळेवर कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो. गाढवाचं शिल्प असलेली शिळा म्हणजे गधेगाळ, दान मोडणाऱ्याला शिवी. तिच्यावर बहुधा लेखही असतो, तो शेंदूर-ऑइलपेंटखाली गेलेला असतो. ऑइलपेंटने दगडाचा ओलावा आत कोंडतो, पापुद्रे सुटतात. तरी खरवडू नका.

पंढरपुरात मंदिराचं स्थापत्य बघायला उभं राहायला मिळत नाही, रांग पुढे ढकलते. मोबाईलही आत नेता येत नाही. म्हणून काय बघायचं ते आधी ठरवा: महाद्वाराशी नामदेव पायरी, सोळखांबी मंडप, त्यातला चांदीने मढवलेला गरुडखांब, चौखांबी, मग गाभारा. वेळ कमी असेल तर मुखदर्शन घ्या. एकादशी कोणती ते पंचांगात बघूनच तारीख ठरवा.

शके९४०
चौऱ्यांशीचा शिलालेख विसरू नका. शके ११९५ ते ११९९, यादव रामचंद्रदेवाचा काळ. मंदिराला देणग्या देणाऱ्यांची यादी आहे, हेमाडपंतांचंही नाव त्यात येतं. लोकांनी चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून पाठ घासून घासून अक्षरं झिजवली.

गजथर
वेळापूरला पोचाल तेव्हा चार वाजून गेले तरी चालेल. अर्धनारीनटेश्वराचं मंदिर, रामचंद्रदेवाच्या काळातले लेख. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला असतो, आपल्या अक्षांशावर भर दुपारीही जेमतेम ४९ अंश वर. त्यामुळे कुठल्याही देवळाची उत्तरेची बाहेरची भिंत दिवसभर सावलीत राहते, तिचे फोटो ढगाळ दिसतील. दक्षिण आणि पश्चिम बाजू संध्याकाळी बघा. उत्तरेच्या भिंतीवर मकरप्रणाल असतो, अभिषेकाचं पाणी बाहेर येण्याची वाट. तेवढ्यासाठी बॅटरी वापरा.

कडकभाकरी
वेळापूरला सव्वापाचपर्यंत तरी पोचा. त्यासाठी सोलापूर सकाळी साडेसहाला सोडा, पंढरपुरात बारा-साडेबाराला असा, आणि तिथून तीनला निघा. दर्शनाची रांग लांब असेल तर वेळापूर काढून टाका, मंगळवेढा काढू नका.

उत्तरकसबा
ठरलं तर: शनिवारी भुईकोट, सिद्धेश्वर, कुडल. रविवारी माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर, जमलं तर वेळापूर. शुक्रवारी रात्रीच सोलापुरात पोचतो. कुडलला किती वाजता पोचावं?

भीमाकाठ
शहरातून दीड वाजता जेवून निघा, तीनच्या आसपास पोचाल. आधी हरिहरेश्वर, मग संगमेश्वरातला लेख, शेवटी संगमाच्या काठावर. बॅटऱ्या दोन घ्या, एक नक्कीच संपते. साडेपाचला गाडी काढा, अंधारात आतल्या रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या असतात.

रानवारा
डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम. रविवारी पंढरपूर ते टेंभुर्णीही तेच. ओव्हरटेक करताना ट्रॉलीच्या पुढे दुसरी जोडलेली आहे का ते बघा, बहुधा असते.